तिसरं दार

केमीच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिपाई आहे.
किल्ल्या सत्तेचाळीस. त्यातली एक कशाची, अजून कळलेलं नाही.

हेल्सिंकीहून गाड्या आल्या त्या नोव्हेंबरात,
दुपारी दोनलाच दिवस मालवतो तेव्हा.
त्यांना खरी शाळा हवी होती,
खरे फळे, बाकांखालचं खरं च्युइंगगम,
आणि एक पंधरा वर्षांची मुलगी, जी सहा भागांत
हळूहळू जेवण सोडते.
(मुलगी त्यांनी बरोबर आणली होती. बावीस वर्षांची.
चित्रीकरण थांबलं की माझ्या खोलीत येऊन
सॉसेज खायची, मोहरी लावून.)

सजावटीच्या प्रमुख सानेल्माबाई, स्वभावानं सभ्य,
मुलींच्या स्वच्छतागृहात तिसऱ्या दारापाशी थबकल्या.
दारावर दहा-बारा वर्षांचं लिखाण:
शिव्या, बदाम, गणिताच्या बाई, अगदी हुबेहूब,
आणि कडीच्या खाली, निळ्या बॉलपेननं,
शुक्रवार आला की पोटात दुखतं.
बाईंनी वाकून वाचलं. चष्मा पुसला. म्हणाल्या,
इतकं बारीक कॅमेऱ्यात येत नाही.
मग रंग मीच दिला. राखाडी. दोन हात.
वाळल्यावर त्यांच्या माणसांनी नवं दुःख लिहिलं,
ठळक अक्षरांत, उजेडाचा कोन बघून.

वसंतात पुरस्कार.
नगरपालिकेनं शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला,
कॉफी ठेवली, वेलदोड्याचे पाव ठेवले.
बर्फ वितळून दारात चिखल, मी पुसतोय, पुसतोय,
आणि आतून टाळ्या: सर्वोत्कृष्ट मालिका.
टाळ्या: अभिनेत्री.
मग सजावट. सानेल्माबाई काळ्या पोशाखात,
हातात काचेचं काहीतरी, गोठलेल्या ठिबक्यासारखं.
म्हणाल्या, हे बक्षीस त्या प्रत्येक मुलीचं आहे
जिचं कुणी ऐकलं नाही.
मी फडकं हातात घेऊन हॉलभर नजर फिरवली.
चाळीसेक मुली होत्या.
बक्षीस घ्यायला एकही उठली नाही.

जूनमध्ये संग्रहालयाचं पत्र आलं. ते दार हवंय.
काढायला गेलो. बिजागरीचे स्क्रू गंजलेले,
तेल सोडून वाट बघत बसलो फरशीवर,
म्हणून दिसलं:
दाराच्या जाडीत, बिजागरीकडच्या बोटभर पट्टीवर,
तीच निळी शाई, तेच उजवीकडे कललेलं अक्षर.

पाहिली. शेवटी ती बरी होते.
कोणत्या वारी?

स्क्रू मी परत आवळले.

झाडूंच्या खोलीचं दार त्याच मापाचं आहे.
राखाडी, दोन हात.
बाकीचं टीव्ही थांबवून थांबवून उतरवून काढलं,
अक्षर माझं वाईट, पण दुःख जमलं बऱ्यापैकी.
ते आता संग्रहालयात आहे, काचेमागे,
खाली पितळी पट्टी.
शहरातली माणसं पोरांना घेऊन जातात, गप्प उभी राहतात.
झाडू माझ्या खोलीत उघडेच पडलेत.

ती कोण, मला माहीत नाही.
तीनशे बारा मुलं, त्यात निम्म्या मुली,
निळं पेन सगळ्यांकडे.
समुपदेशक बाईंना सांगितलं, त्या मंगळवारी येतात,
दर दुसऱ्या मंगळवारी.
खाली उत्तर लिहावं असं मनात आलं,
पेन्सिल घेऊन गेलोही एकदा रात्री.
काय लिहिणार? रंग देणारा मीच होतो.

शुक्रवारी कुलुपं मी उलटीकडून लावतो आता.
आधी जिम, मग प्रयोगशाळा, मग वरचा मजला.
वाचनालय सगळ्यात शेवटी, आठच्या सुमारास,
आणि किल्ल्या मुद्दाम वाजवत येतो,
लांबूनच कळावं म्हणून.
कधी खुर्ची अजून ऊबदार असते.
दिवा मी लगेच मालवत नाही.